तारीख उलटलेलं मीठ

नवीन पनवेलला आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात एक म्हातारा कामाला होता. तारीख उलटलेला माल फळीवरून काढायचा, एवढंच त्याचं काम. चष्मा कपाळावर सारून तो प्रत्येक पुडा नाकाशी धरायचा आणि तारीख गेली असेल तर ट्रॉलीत फेकायचा. मिठाचा पुडा मात्र दोन्ही हातांनी ठेवायचा.

एकदा माझ्याच हाती तसलं मीठ आलं. अशा बाबतीत मला धीर नसतो.

"काका, महिन्यापूर्वीच तारीख गेलीय. बघता की नाही?" मी फणकारले.

त्यानं पुडा अंगठ्यानं दाबून पाहिला. "मिठाला काय व्हतंय, ताई? आमचा मिठाचा आगर व्हता. बापानं भरलेली बरनी अजून घरात हाय. आगर भरावाखाली गेला, मीठ तसंच हाय."

तरी नवा पुडा त्यानं निमूट काढून दिला.

सामान घेऊन बाहेर आले, तर दुकानामागच्या गटारापाशी तो उकिडवा बसला होता. ब्लेडनं पुडे कापून मीठ गटारात ओतत होता. मी ओशाळले.

"काका, घरी तरी न्यायचं."

"नेऊ देत नाय. कापूनच टाकायचं, असा नियम हाय." पाण्यात विरघळणाऱ्या ढिगाकडे तो बघत राहिला. "सांडलेलं मीठ मेल्यावर पापन्यांनी वेचावं लागतं, आय सांगायची. माज्या पापन्या कुठवर पुरनार?"

आणि त्यानं पुढचा पुडा उचलला. तो मी परत केलेला होता.