शंकरने माझ्यासाठी ठेवलेल्या बाटल्या

माझा धाकटा भाऊ शंकर सांगलीजवळच्या क्षयरोग्यांच्या दवाखान्यात वारला, त्याला सहा आठवडे झाले. शेवटच्या दुपारी मीच त्याच्या उशाशी होते. "आक्का, तुजी वाटणी हाय न्हवं ठेवलेली?" एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हटलं... तो कशाबद्दल विचारत होता, ते मला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही कडेगावचे. आई लवकर गेल्यामुळं त्याला मीच वाढवला. आमच्या घरात भाकरी आख्खी कुणी खायची नाही. मोडायची, अर्धी दुसऱ्याकडं सारायची, मग घास घ्यायचा. शंकर पलटणीत गेला तरी ही खोड सुटली नाही. रजेवर आला की फौजेतलं बिस्कीटसुद्धा मोडून माझ्यापुढं! मी साताऱ्याला शाळेत शिकवत होते, चारचौघांत लाज वाटायची. ओरडले की म्हणायचा, "गप खा गं, मास्तरीणबाई!"

लढाईवरून तो खोकला घेऊनच परतला. खाटेवर पडून सगळी उमेद गेली होती, तेवढ्यात स्ट्रेप्टोमायसिन नावाचं नवं औषध आलं. पांढरी भुकटी पाण्यात विरघळवून टोचायची. काही आठवड्यांत ताप उतरला, भूक लागली आणि आमचा गडी उसाच्या बांधावरून शीळ घालत यायला लागला. मला आभाळ ठेंगणं झालं! उरलेल्या बाटल्या गावच्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायच्या, असं बजावून डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं. नेमकी तेव्हाच मी सुट्टीला आले, थंडीचा साधा खोकला घेऊन. झालं! मलाही तोच रोग झाला असं समजून यानं सुया बंद केल्या आणि सहा बाटल्या माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवल्या. मला सापडल्या तर म्हणतो कसा, "मला लय गुण आलाय. ही तुजी वाटणी." मी रागावले खरी, पण त्याची माया बघून गप्प बसले. तिथंच चुकलं माझं.

पुढं त्याच्या थुंकीतून रक्त पडलं. दवाखान्यात तेच औषध पुन्हा सुरू केलं, पण ताप हटेना. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, "कोट्यवधी जंतूंमध्ये एखाददुसरा जन्मतःच निराळा निपजतो, बाई. त्याच्या बीजातच असा बदल झालेला असतो की हे औषध त्याला मारू शकत नाही. बाकीचे मेले, आता सगळी पैदास त्याचीच."

"त्या सहा बाटल्या टोचल्या असत्या तर?"

"कदाचित तरीही हेच झालं असतं. एकट्या औषधाचं असं होताना दिसतंय."

कदाचित! हा शब्द मला धड दोषीही ठरवत नाही आणि सोडतही नाही.

हे मी त्याच दवाखान्यातल्या खोलीतून लिहिते आहे. त्याची सेवा करताना मला लागण झाली. जंतू त्याच्याकडूनच आले, म्हणून औषध मलाही लागू पडत नाही. फाटकाबाहेर जायची बंदी आहे. त्याच्या सहा बाटल्या मात्र माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत तशाच होत्या.

गेल्या आठवड्यात समोरच्या खोलीत फलटणची हसीना आली, विशीतली पोर. तिला हे औषध पहिल्यांदाच मिळणार होतं आणि दवाखान्यात ते पुरेसं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या बाटल्या तपासून तिच्यासाठी घेतल्या. मी दारातूनच तिला दटावलं, "सगळ्या टोचून घे. एकही कुणासाठी ठेवायची नाही, कळलं?"

"व्हय, बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताट घेऊन माझ्या दाराशी आली. तिनं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. माझा जीव गलबलला... पण माझे जंतू तिला लागले, तर तिचंही औषध फुकट जायचं. पदर तोंडावर घट्ट धरून मी ओरडले, "तिथंच थांब! मागं हो!" पोरगी भेदरली. मी दार लावून घेतलं.

ती आपल्या खोलीत जाऊन सगळी भाकरी खाईपर्यंत मी फटीतून बघत होते. मग माझी भाकरी मोडली. सवयीनं अर्धी ताटाच्या कडेला सारली, आणि ती तिथंच राहिली.