बर्फाच्या कप्प्यातल्या तीन बाटल्या

चिनू, रेवा — हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. लिहायला बसते, आधी टेबल आवरते, पेनांना टोपणं लावते... आणि उठते. आज उठणार नाही.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजोबांना ‘गूळचोर’ म्हणायचात. ते हसायचे. तो शब्द तुम्हाला कोणी दिला? मीच.

मानवतच्या शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. इन्सुलिन आलं की स्नायूंच्या पेशी रक्तातली साखर आत घेतात — ही आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल? आजोबांना सुई टोचायची ती मीच, वहीत वेळ लिहायची तीही मीच.

त्या मे महिन्यात दिवसदिवस लाइट नसायची. एकदा संध्याकाळी आली, तेव्हा इन्सुलिनच्या तिन्ही बाटल्या मी बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या — उद्या पुन्हा गेली तरी गार राहाव्यात म्हणून. सकाळी त्या गोठल्या होत्या. गोठू देऊ नका, गोठलेलं निकामी होतं, असं खोक्यावर इंग्रजीत छापलेलं. आम्हा दोघांत ते वाचता येणारी मी एकटीच.

बाटल्या ओट्यावर वितळू दिल्या. आणि त्याच वापरत राहिले. का? नव्या आणायच्या तर चूक झाली म्हणावं लागलं असतं. माझी — चूक?

साखर चढत गेली. गूळ खाल्लात, मी म्हणाले.

“आगं, न्हाई खाल्ला. डबा तर तूच कुलपात ठिवलाय.”

पाहुण्यांसमोर मी त्यांचे खिसे चाचपले.

परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, औषध नीट ठेवता ना? हो, म्हटलं. वर मीच विचारलं — मॅग्नेशियम कमी असेल का? ते कमी पडलं तर स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत ना? डॉक्टरांना कौतुक वाटलं. त्यांनी तपासणी लिहून दिली. ती ठीक आली. तोवर आजोबांच्या पायाला झालेली छोटी जखम चिघळून काळी पडली होती.

तिसरी बाटली संपत आली तरी मी गप्प. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यातल्या इन्सुलिननं साखर चार दिवसांत उतरली. इथं गूळ मिळत नाही ना, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

एका दुपारी ते माझ्याकडे बघत होते. “झोपंत खाल्ला आसंल गं मी. तू उगं कशाला खोटं बोलशील?”

मी त्यांचं पांघरूण सरळ केलं.

पुढं दोन वर्षं ते गूळचोर म्हणून जगले, तसेच गेले. त्यांनी गूळ खाल्ला नव्हता.