तपासणीला आणलेला सोफा

परळ-लालबागमध्ये आपल्या शब्दाशिवाय पान हलत नाही, हे राजाराम घाडीने गावात इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्याला स्वतःलाही ते पटलं होतं. शिक्षण सातवी, पण लोअर परळच्या काचेच्या टॉवरला सिक्युरिटी सुपरवायझर. मोठमोठे साहेब कार्ड दाखवल्याशिवाय त्याच्यापुढून आत जात नाहीत. म्हणजे ते आपल्याला विचारूनच ऑफिसला येतात, असा त्याचा साधा हिशोब.

"लालबागला आपली तीन खोल्यांची जागा," हेही गावात सांगून ठेवलेलं. खोली होती एकच. पण मधे एक कपाट आणि एक पडदा होता, तेव्हा तीन म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. धाकट्या भावाने, शिवाने, ती जागा फक्त फोटोत पाहिलेली. तोही एका कोपऱ्याचा.

त्या शिवाला रक्ताचा कॅन्सर निघाला. कणकवलीहून परळच्या हॉस्पिटलात आला, पहिली केमो वॉर्डातच झाली. सोमवारी डिस्चार्ज, पुढची केमो बाहेर राहून घ्यायची. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, अनुजाला बजावलं, "गर्दीत ठेवायचं नाही. संडास-बाथरूम स्वतंत्र हवं. ताप आला की लगेच इथे."

जवळच्या लॉजचे भाव ऐकून अनुजाचं तोंडच उतरलं. राहिली मागच्या गल्लीतली ट्रस्टची धर्मशाळा.

"टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना!" म्हणत राजाराम छाती काढून तिथल्या खिडकीशी गेला. आत नूपुर नावाची मुलगी बसलेली.

"मुंबईत नातेवाईक कोण?"

"कोण म्हणजे? मी! लालबागला कुणालाही विचारा. तीन खोल्यांची जागा आहे आपली."

"मग काका, खोली नाही मिळणार. ज्यांना मुंबईत राहायला जागा नाही, त्यांच्यासाठीच आहे ही."

अनुजाने हात जोडले. तेव्हा नूपुर म्हणाली, "बरं. रविवारी आमचे हेमचंद्र सर तुमचं घर बघून जातील. ते ठरवतील."

राजारामच्या कानात एवढंच शिरलं, की ट्रस्टचा माणूस घाड्यांचं घर बघायला येणार.

रविवारी सकाळीच त्याने मुलगा, सून आणि नातीला सुनेच्या माहेरी, शीव कोळीवाड्याला पिटाळलं. गाद्या शेजारी गौतमकडे टाकल्या आणि गौतमचाच सोफा आपल्याकडे आणला. नवा पडदा लावला.

बायको दुर्गाने कपाळाला हात लावला. "अहो, मुलगी बघायला येतायत का? आपल्याकडे जागा नाही हे दाखवायचंय, आणि तुम्ही जागा करताय!"

"तू गप गं. घाडी काय रडगाणं गाऊन खोली मागणार? माणूस इंप्रेस झाला की काम होतं."

अनुजा वॉर्डातून आली, दारातच थबकली. "भावजी, घर मस्त दिसता हो. पण आता आमका खोली गावतली?"

राजारामने सोफ्यावरची नसलेली धूळ झटकली.

हेमचंद्र सर आले, सरबत प्यायले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "वा! छान ठेवलंय. हवा आहे, माणसंही दोनच. तुमचा भाऊ आरामात राहील इथे." आणि उठले.

राजाराम खरोखर इंप्रेस झालेल्या माणसाकडे बघत राहिला. उद्या धर्मशाळेत न्यायची म्हणून भरलेली शिवाच्या कपड्यांची पिशवी अनुजाने घट्ट धरली.

"साहेब, बसा!" राजाराम ओरडलाच. "नाही, त्यावर नको. तो गौतमचा आहे."

मग त्याने पडदा ओढला. "हे आमचं किचन. रात्री इथे मुलगा-सून. कपाटाच्या अलीकडे ही आणि नात. आणि मी?" सरांना दंडाला धरून त्याने गॅलरीत नेलं. "मी इथे, ह्या ड्रमला चिकटून, पाय आखडून. एवढ्या जागेत एवढी माणसं झोपवून दाखवा, आहे कुणाची टाप? आणि तो टोकाला कॉमन संडास. अख्ख्या मजल्याला दोन. सकाळी या, अशी लाइन तुम्हाला उभ्या लालबागमध्ये दिसायची नाही!"

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच कुठे?"

दुर्गा पदर तोंडात घालून हसली. सरही हसले, आणि तिथूनच त्यांनी नूपुरला फोन लावला.

सोमवारी शिवा मास्क लावून धर्मशाळेच्या स्वच्छ खोलीत कॉटवर पडला. खिडकीतून हॉस्पिटल दिसत होतं. गावाहून फोन आला तसा तो सांगायला लागला, "होय, खोली गावली. दादाच्या ओळखीन."

अनुजाने एकदा भावजींकडे पाहिलं आणि निमूट पिशवीतले कपडे लावायला घेतले.

राजाराम पुढे वाकला. "नुसती गावली काय सांगतोस? ट्रस्टचा माणूस स्वतः चालत आपल्या घरी आला होता, ते सांग."