नानांचा दुपारचा शटडाऊन

मागच्या मंगळवारी सोनगीरला जाऊन आलो. किल्ला बघायला नाही... नानांची माफी मागायला.

मी जळगावात बसून कारखान्यांच्या मशीनसाठी ड्रायव्हर लिहितो. म्हणजे कॅमेरा वगैरे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, यांचं एकमेकांशी जुळवून देणारा कोड. घरचे लोक "कॉम्प्युटरचं काहीतरी करतो" एवढंच सांगतात, आणि तेच बरं आहे.

धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला कचरा टिपणारा कॅमेरा बसवला होता, त्याचा ड्रायव्हर माझा. मशीनवर नाना बसायचे. साठीच्या पुढचे, स्वतःच्या चष्म्याआधी कॅमेऱ्याची काच पुसणारे.

नानांची एक सवय होती. दुपारी भाकरी सोडायच्या आधी ते अख्खा कॉम्प्युटर शटडाऊन करायचे. विचारलं तर म्हणाले, "भाऊ, ते जड व्हस. त्याले बी इसावा लागस."

कॉम्प्युटरला विसावा! मी हसलो. वर शिकलेल्या माणसाचा माज बघा... मॅनेजरना मेल टाकला, दहा जणांना कॉपी करून. ऑपरेटर विनाकारण मशीन बंद करतात म्हणून रेकॉर्ड तुटतं, असं त्यात लिहिलं.

दोन दिवसांत नानांना मशीनवरून उठवलं आणि आवारात कापूस पसरवायला लावलं. उन्हात.

मशीन आता अखंड चालू राहिलं... आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी हँग! परत चालू केलं, परत तेच. मी लॅपटॉप घेऊन धुळ्याला पळालो.

मेमरी ही पेज नावाच्या छोट्या तुकड्यांत वाटलेली असते. फोटो घेताना ड्रायव्हर काही पेजेस धरून ठेवतो आणि काम झालं की सोडतो. पण कापसाचा गठ्ठा अडकून फोटो अर्धवट आला, की माझा कोड पेजेस न सोडताच मागे फिरायचा.

पंगतीत ताटं घ्यायची आणि घासायला टाकायचीच नाहीत, तसं झालं होतं. हळूहळू ताटंच संपत होती. शटडाऊन केलं की सगळी पेजेस मोकळी... म्हणजे माझी चूक रोज दुपारी नाना निस्तरत होते.

दोन ओळींत दुरुस्ती झाली. त्या दिवशी खिडकीतून नाना दिसत होते, डोक्याला रुमाल बांधून कापूस पसरवताना. मी मेल लिहिला, "किरकोळ अडचण दूर केली आहे." बस्स. नानांचं नाव घालायला माझी बोटं वळली नाहीत. लाज वाटली, दुसरं काही नाही.

महिन्याभराने नाना कामावर येईनासे झाले, असं कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो मेल उघडून बघायचो आणि बंद करायचो.

सोनगीरला नाना ओट्यावर तूर निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं, ताटांसकट. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे ते खरंच जड व्हये?"

"हो नाना. तुमचं बरोबर होतं."

चहा आला. तूर निवडता निवडता त्यांनी शांतपणे विचारलं, "हाई तुम्ही सायेबले सांगं का?"

साहेबांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नाना रागावले असते तर सोपं गेलं असतं...

परतीच्या एसटीत मेल लिहिला. त्याच दहा जणांना. चूक माझी होती, नानांची नव्हती, आणि मला हे दुरुस्ती केली तेव्हाच माहीत होतं. उत्तरात मॅनेजरचं अंगठ्याचं चिन्ह आलं. नुसता अंगठा. नानांना परत बोलवा म्हटलं होतं, पण आवारातल्या त्या कामानंतर त्यांचे गुडघे आता कारखान्यापर्यंत जायलाही साथ देत नाहीत. मशीनवरची खुर्ची होती, तेव्हा चालत होतं.

नाना फेसबुकवर नाहीत, पण त्यांची नात आहे. ताई, एवढं त्यांना वाचून दाखव...

नाना, सायेबले सांगं. उशिरा सांगं.