लशीची तीन दारं

सुई टोचल्यावर "आता कसं वाटतंय?" असं आमच्या बाईंनी कुणाला कधी विचारलं नाही. "आज काय कळतंय? उद्या सांग," म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी माणसाला खरोखर गाठायच्या. भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. वाढप्याचा दंड धरून म्हणाल्या, "कालची जागा दाखव बरं." बिचाऱ्याच्या हातातलं वरण सांडलं, नवरीकडची माणसं बघतच राहिली. लातूरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स म्हणून पहिली नोकरी धरली, तिथं सगळे त्यांना मागून उद्याबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई.

बाई तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स, निलंग्याकडच्या. सकाळी आल्या की सगळ्यांना जयभीम, मग हात धुणं, मग पाठकोऱ्या कागदांची एक वही उघडणं. त्या वहीत कुणाचा दंड किती दुखला, कुणाला ताप आला, कोण डाव्या कुशीवर झोपू शकलं नाही, असलं सगळं लिहिलेलं असे. मी एकदा म्हणाले, "बाई, हे वाचणार कोण?" तर म्हणाल्या, "खामखा फिकीर करू नको. मी वाचते की."

मग आमच्या डॉक्टरांनी फ्लूच्या लशीचा अभ्यास काढला आणि बाईंच्या वहीला एकदम मान आला. धडधाकट माणसांना लस तीन तऱ्हांनी द्यायची: काहींना दंडाच्या स्नायूत, काहींना वरच्या कातडीत, काहींना नाकात फवारा. कुणाला कशी, ते चिठ्ठीनं ठरणार. बाईंना रात्रीची झोप लागेना. "घर एकच गं, पण दारं तीन," मला जेवणाच्या डब्यावर सांगायच्या. "कोणत्या दारानं गेलं म्हंजे घरातले लवकर जागे व्हतात, हे बघायचंय मला." छप्पन्न-सत्तावन्न वर्षांची बाई, पण डोळे असे चमकायचे, की मला माझ्याच वयाची लाज वाटायची.

माणसं आली, पण आमची माणसं ती! दंडावर बीसीजीचा वण बाळगून वाढलेली. खूण नाही तर लस नाही, असा पक्का हिशेब. ज्यांना कातडीत दिली त्यांची जागा दुसऱ्या दिवशी लाल व्हायची. ते चहाच्या टपरीवर बाही वर करून मिरवायचे. ज्यांच्या स्नायूत गेली ते म्हणायचे, ठणकतं तर आहे, पण दिसत काहीच नाही. आणि निलंगा गाडीवरच्या एका एसटी ड्रायव्हरच्या नाकात फवारा मारला, तर तो भडकलाच. "ओ सिस्टर, अत्तर मारून वापस पाठवून राहिले का मला?" दोन दिवसांनी हाच गडी मेव्हण्याचं नाव सांगून, बाही वर करून पुन्हा रांगेत हजर! बाईंनी चष्मा सावरला. "पाव्हणं, चेहरा विसरते मी. नाक न्हाई विसरत." सगळी रांग हसली. मग त्यांनी त्याला शेजारी बसवून, फवाऱ्यातली लस नाकातच कशी कामाला लागते, हे समजावलं. तो जाताना चार सहकाऱ्यांना पाठवतो म्हणाला.

कातडीत लस देणं सोपं नसतं. सुई जवळजवळ आडवी धरायची, अगदी वरच्या थरात. बरोबर गेली तर डास चावल्यासारखी गांध लगेच उठते. नाही उठली तर लस खाली गेली. एका गुरुवारी दुपारी बाईंनी कॉलेजातल्या पाच जणांना अशी लस दिली. शुक्रवारी पाचही दंड कोरे. लाली नाही की सूज नाही. "पाण्याची सुई दिली का बाई?" एक प्राध्यापक हसत म्हणाले. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेक दंड उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. ती माणसं गेल्यावर मला म्हणाल्या, "लस खरी व्हती. माझा हात खोटा पडला. गांध उठली, असं वाटलं मला. दिसली नव्हती."

मला त्यांचा फार कळवळा आला. मी म्हणाले, "जाऊ द्या ना बाई. पाचही नावं स्नायूवाल्यांत टाकू. त्यांना लस तर मिळालीच आहे. कुणाला कळणार आहे?"

"स्नायूत गेली, हे तू बघितलंस का?"

"नाही."

"मी बघितलं का? मंग कामून लिहायचं?"

आणि तशाच उठून डॉक्टरांकडे गेल्या. डोळे तपासले, तर दोन्हीकडं मोतीबिंदू. पाच नावांपुढं 'लस कुठं गेली ते नक्की नाही' असा शेरा पडला आणि इतक्या वर्षांची सुई बाईंनी त्या दिवशी ट्रेमध्ये ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. मी रडले. बाईंनी दुसऱ्या दिवशी पिशवीभर मोसंबी आणली आणि माझ्या पुढ्यात ओतली. "हिच्या सालीवर शीक. रडून हात बसत न्हाई."

आता मी नांदेडला असते. अजून कुणी ना कुणी विचारतं, मग जिंकलं कोण? कातडीतली लाल करते, स्नायूतली ठणकते, नाकातली शिंका आणते. धडधाकट माणसाला यातली कोणती जास्त सांभाळते, याचं एका शब्दातलं उत्तर माझ्याकडे नाही. बाईंना मात्र त्याचं वाईट वाटलं नव्हतं. "सवाल तर इमानानं इचारला ना आपुन?" एवढंच म्हणाल्या होत्या.

त्या अभ्यासातली एक नोंद माझ्या हातची आहे. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या धडधाकट माणसांनाही घेतलं होतं, आणि बाईंच्या चिठ्ठीत कातडी निघाली. द्यायची कुणी? मी. डॉक्टर समोरच उभे. "हिलाही नाही जमलं, तर बाहेरून कुणाला तरी बोलवावं लागेल," असं त्यांनी सकाळीच ऐकवलं होतं, आणि माझी नोकरी तर अजून कच्चीच होती. मोसंबीवर मी पन्नासदा केलं असेल. बाईंच्या दंडावर सुई आडवी धरली, हळूच दाबली. कातडी सपाटच राहिली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. बाईंना एवढं बारीक दिसत नव्हतं. त्यांनी मान वळवून विचारलं, "उठली का गं गांध?"

डॉक्टर उभे होते तिथून त्यांनाही दिसलं नसतं. "हाव" अगदी ओठांवर आलं होतं.

"न्हाई बाई," मी म्हणाले. "खाली गेली."

बाईंनी माझं मनगट धरलं, घट्ट धरून ठेवलं, आणि डॉक्टरांच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "साहेब, बाहेरून कुणाला बोलवू नका. सुई हिच्याच हातात ऱ्हाऊ द्या."