कवळीवालीचा शेवटचा हप्ता

चिठ्ठीशिवाय आलेल्या कामाला ती हात लावत नाही. प्लास्टरच्या जबड्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी: दातांचा रंग कोणता, आकार कोणता, पुढचे दोन किती उभे बसवायचे. चिठ्ठी नसेल तर डबा आला तसा परत. एकदा एका डॉक्टरांनी फोन करून गोडीत घेतलं, “अहो ताई, इतकी वर्षं करताय, तुम्हाला कळतंच की.”

“मला कळतं हो,” ती म्हणाली. “पण पेशंटला चावता आलं नाही, की कोण कुणाला काय बोललं होतं ते कुणालाच आठवत नाही. लिहून द्या.”

लॅबमध्ये ती ताई, इमारतीत कवळीवाली. कवळ्या बनवणारी लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालक आणि फोन, मागच्या खोलीत ती आणि आणखी दोघं. तापलेल्या मेणाचा वास, घासायच्या मोटारीची गुलाबी धूळ, खिडकीत वाळत ठेवलेले जबडे. मजुरी कवळीमागे मिळते. घाईच्या कामाला थोडे जास्त पडतात, त्यामुळे घाईचं काम आलं की बाकीचे दोघं तिच्याकडे बघतात आणि ती हात पुढे करते. मेणाच्या सुरीनं भाजलेल्या डागांमुळे तिची डाव्या हाताची बोटं कायम कुणीतरी चिमटे काढल्यासारखी दिसतात.

कर्ज तिच्या नावावर होतं, कारण घरात पगाराची पावती तिच्याकडेच होती. नवऱ्याला झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. दुकान वर्षभरात बंद पडलं, त्यानंतर दोन महिन्यांनी नवरा गेला. म्हणजे निघून गेला. जिवंत आहे, दुसऱ्या शहरात आहे, तिथंही काहीतरी टाकायचं म्हणतो असं ऐकिवात आहे. मशीन विकून घरभाड्याची थकबाकी भागली. मागे राहिली अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांच्या कर्जाचे हप्ते. जामीनदार म्हणून सही केली होती तिच्या मोठ्या भावानं.

पगार खात्यात आला की जवळजवळ निम्मा बँक कापून घ्यायची. पहिलं दीड वर्ष तिनं ते मुकाट्यानं सोसलं. मग लॅबमधल्या एकानं सांगितलं, की जादा पैसे भरत गेलं तर कर्ज लवकर संपतं आणि व्याज वाचतं. ते तिला पटलं. तेव्हापासून घाईच्या कामाचे सगळे पैसे दर महिन्याला ती स्वतः बँकेत जाऊन कर्जाच्या खात्यात भरू लागली. काउंटरवरचा माणूस नोटा मोजायचा, शिक्का मारायचा, पावती द्यायचा. मुलगी मोबाइलवर हिशेब करायची. शाळेच्या सहलीला मुलगी गेली नाही. चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडून एक वर्ष काढलं. फ्रिज बिघडला तेव्हा तिनं जाहीर केलं, की दोघींच्या घरात उरतंच काय ठेवायला. चिडचिड होती, पण तिला शेवट दिसत होता. मुलीच्या हिशेबानं या महिन्यात एक हप्ता भरला की संपलं.

हे वेळेवरच होत होतं. भावानं एका फ्लॅटसाठी टोकन दिलं होतं. त्याच्या बँकेचं म्हणणं, तुम्ही बहिणीला जामीन आहात, ते आधी मोकळं करून आणा, मग तुमचं कर्ज मंजूर. मुदत महिनाअखेर. नाहीतर टोकन बुडालं. वहिनीनं फोन केला होता. “तुझं होतंय ना गं या महिन्यात? नाही म्हणजे, मी लोकांना सांगून बसलेय.”

“होतंय वहिनी. एकच राहिलाय.”

बँकेत कर्जाच्या टेबलावर एक तरुण अधिकारी होता. तिनं सांगितलं, कर्ज बंद करायचंय, शेवटचा हप्ता घ्या आणि जामीनदार मोकळा झाल्याचं पत्र द्या.

“शेवटचा कसला? अजून चौदा आहेत.”

“ते तुमचे ठरलेले. मी दर महिन्याला जादा भरलेत.”

“हो, दिसतायत ना.” त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. “जादा जमा. सगळे आहेत, एकही इकडचा तिकडे नाही.”

“मग?”

“पडून आहेत. पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ म्हणून. मुद्दलातून वजा करायचे तर तुम्ही तसं लिहून द्यायला हवं होतं, प्रत्येक वेळी.”

“आणि व्याज?”

“व्याज पूर्ण मुद्दलावर लागत राहिलं. सिस्टिम तशीच आहे.”

“पैसे घेताना तुमच्या माणसाला एक शब्द बोलता आला नाही?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“कर्जाच्या खात्यात बाई दर महिन्याला पैसे आणून टाकते ते कशासाठी? हौस म्हणून?”

मागे रांगेत कुणीतरी हसलं. अधिकारी हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता, त्यानं लगेच आकडे मांडून दाखवले. जादा रक्कम आजच्या तारखेनं वळवता येईल, मागच्या तारखेनं नाही. ती वळवली, मुदतीआधी बंद करायचं शुल्क धरलं, तर तीन हप्त्यांएवढे पैसे भरायचे उरत होते. तिच्या पर्समध्ये एकाचे होते. तक्रार करायची असेल तर वरच्या कार्यालयात करता येईल, उत्तर यायला महिना-दीड महिना लागतो, असंही तो म्हणाला.

घरी मुलगी अभ्यासाला बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट विचारली, “म्हणजे माझा हिशेब बरोबर होता?”

“तुझा बरोबर होता. बँकेनं लुटलं.”

“म्हणजे माझी सहल बँकेत पडून होती.”

“आता तू सुरू करू नकोस.”

“लुटलं कसं पण? तू तरी चिठ्ठी नसली तर काम घेतेस का?”

“ते वेगळं. मी परत पाठवते. ठेवून घेऊन गप्प नाही बसत.”

मुलीनं पुन्हा तोंड उघडलं. “उठ, भांडी घास,” आई म्हणाली. मुलगी उठली. भांड्यांचा जो आवाज झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

लॅबच्या मालकाकडे उचल मागून झाली. मालकानं स्वतःच्याच कर्जाची गोष्ट सांगितली, ती बरीच लांबली. रविवारी ती भावाकडे गेली.

भाऊ टीव्हीसमोर होता. ऐकून तो टीव्हीलाच म्हणाला, “राहू दे गं. बघू काहीतरी.”

“तुम्ही जे बघताय ते बघा,” वहिनी म्हणाली. वहिनी एका गोदामात हिशेब सांभाळते. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. “किती कमी पडतात?”

तिनं आकडा सांगितला.

“टोकन बुडण्यापेक्षा स्वस्त आहे. आम्ही भरतो. तू आम्हाला दे महिन्याच्या महिन्याला.”

“व्याज किती लावाल?”

“काय बोलतेस! घरातली तू. व्याज कसलं?”

“लावा वहिनी. मला बरं वाटेल.”

“तुला बरं वाटावं म्हणून देत नाहीये मी,” वहिनी म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

नको म्हणायला तिच्याकडे कारण होतं, पर्याय नव्हता. या वेळी सगळं लिहून दिलं, पोच घेतली, पोचेवरचा शिक्का नीट उठला नव्हता म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला. मुदतीच्या आत पत्र मिळालं, भाऊ मोकळा झाला, फ्लॅटचं काम झालं. तिनं वर केलेल्या तक्रारीचं उत्तर नंतर आलं. नियमानुसारच झालं होतं.

पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर ती वहिनीकडे पैसे द्यायला गेली. दिवसभर उभं राहून कवळ्या घासल्या होत्या, पाय भरून आले होते, तिनं रिक्षा केली. वहिनीनं पैसे मोजले, चहा टाकला आणि समोर बसली. बँकेला एवढ्या वर्षांत तिचा चेहराही ठाऊक झाला नव्हता. वहिनीला सगळं ठाऊक होतं, आणि नव्हतं ते ती विचारत होती.

“फोटोत बघितलं, लेकीनं केस छान कापलेत. पार्लर का?”

“मैत्रिणीनं कापले.”

“असं होय. आणि फ्रिज घेतलास म्हणे?”

“दुरुस्त केला. जुनाच आहे.”

“नाही, घे की, मी काय म्हणतेय!” वहिनीनं कप उचलले. “बसनं आलीस ना?”

“बसनं,” ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्या क्षणी तिला स्वतःचाच राग आला.

खाली उतरून तिनं वर पाहिलं. वहिनी गॅलरीत येऊन उभी होती. “स्टॉप समोरच आहे बघ,” तिनं वरून हात केला. ती रस्ता ओलांडून स्टॉपवर जाऊन थांबली. एक रिक्षा हळू झाली, तिनं मान हलवली. दुसरी झाली, तिलाही नको म्हटलं. रिक्षावाला पुटपुटत गेला. अर्ध्या तासानं बस आली. ती भलत्याच बाजूला जाणारी होती. वहिनी अजून गॅलरीतच होती, दोरीवरचे वाळलेले कपडे काढत. ती बसमध्ये चढली.