मामाचं वर जाणारं दार

माझा मामा मस्कतहून कायमचा परत आला तेव्हा त्याने सोनं आणलं नाही, गॅरेजचं दार उघडणारी मोटर आणली. तिथल्या शेठने जुनी म्हणून काढून टाकलेली. खरवईला नवं घर बांधताना त्याने पुढे एक गॅरेज काढलं, अंबरनाथच्या वेल्डरकडून पत्र्याचं दार करून घेतलं आणि मोटर छताला टांगली. रिमोटचं बटण दाबलं की दार घरघरत वर जायचं, पुन्हा दाबलं की खाली. गाडी मात्र नव्हती. गॅरेजात एक खाट होती, आणि दार लावल्यावर आत इतका छान अंधार व्हायचा की मामा दुपारी तिथेच झोपायचा.

एकदा रिमोट शर्टाच्या खिशात राहिला आणि मामीने तो शर्टासकट धोपटला. मी तेव्हा अंबरनाथला एका कारखान्यात वायरिंगच्या कामाला होते, त्यामुळे घरातलं विजेचं काहीही बिघडलं की निरोप मलाच. मामाला घेऊन मी उल्हासनगरच्या बाजारात गेले. एका सिंधी दुकानदाराने मेलेला रिमोट उलटासुलटा करून पाहिला.

"मॅडम, हा नाही मिळणार. नवा रिमोट घ्या, मोटरमध्ये बसवायचं कार्ड पण नवं घ्या. जोडी आहे. सेटिंग अंदर से किया हुआ है, हात पण लावू नका."

मी कार्ड बसवलं, हात लावला नाही. दार उघडलं. मामाने ते सगळ्या गल्लीला दाखवलं.

मग चमत्कार सुरू झाले. सकाळी दूधवाला येऊन गेला की गॅरेज उघडं सापडायचं.

"तूच उघडलंस," मामा मामीला म्हणायचा.

"अहो, तो रिमोट तुम्ही उशीखाली घेऊन झोपता," मामी म्हणायची.

शेजारच्या काकूंची तक्रार वेगळीच. त्यांनी दाराला बिनवायरची नवी बेल लावली होती. ती दुपारी वाजायची आणि दारात कुणी नसायचं. गल्लीतल्या पोरांना त्या रोज शिव्या घालायच्या आणि पोरं शपथा घ्यायची.

संक्रांतीनंतरच्या रविवारी काकूंकडे हळदीकुंकू होतं. मामी मदतीला तिकडे गेली होती आणि मी त्यांच्या ओट्यावर वाण मांडत होते. पहिली बाई आली, तिने बेल दाबली. शेजारी घरघर झाली. मी मान वळवली. मामाचं दार हळूहळू वर चाललं होतं. आधी खाटेचे पाय दिसले, मग मामाचे, मग पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि शेवटी बनियनवर हात जोडून झोपलेला अख्खा मामा.

दुसरी बाई आली. बेल. दार खाली. तिसरी आली, दार वर. तोवर रस्त्यावर नटूनथटून आलेल्या बायकांचा घोळका थांबला होता. त्या घोळक्याकडे तोंड करून मामा खाटेवर उठून बसला. पळायला जागा नव्हती, घरात जायचं दार बायकांच्या बाजूलाच होतं. त्याने चादर ओढली आणि काही न सुचून नमस्कार केला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," एक वयस्क बाई पुढे होऊन म्हणाल्या आणि त्याच्या हातावर लाडू ठेवून मागे सरल्या. तेवढ्यात कुणीतरी बेल दाबली आणि मामा लाडवासकट पुन्हा झाकला गेला. आतून आवाज आला, "अगं, मोटरला वेड लागलंय. मेन स्विच काढ."

मी धावत जाऊन मेन स्विच काढला. सगळ्या बायका गेल्यावर स्विच पुन्हा लावला आणि मामाला आतून रिमोट दाबायला सांगितलं. दार हललं आणि काकूंची बेल वाजली.

"काकू, बेल कुठून घेतली?"

"उल्हासनगरहून. तो दुकानदार म्हणाला, सेटिंग आतून केलेलं आहे."

मी बेलचं बटण आणि रिमोट, दोन्ही उघडले. दोन्हींत तांदळाच्या दाण्याएवढ्या स्विचांची एकेक रांग होती आणि दोन्ही रांगा अगदी सारख्या, सगळे स्विच खाली. दुकानदाराचं सेटिंग ते एवढंच, दोन्हींची खूण एकच. मी रिमोटमधले दोन स्विच वर केले आणि मोटरमधल्या कार्डावरचे तेच दोन. मामाने दाबलं, दार उघडलं. काकूंनी दाबलं, नुसती बेल वाजली. काकूंनी गल्लीतल्या पोरांना बोलावून उरलेला तिळगूळ वाटला, माफी मात्र मागितली नाही.

मामा त्यानंतर घरातल्या खोलीतच झोपू लागला. स्टेशनला जाताना तो बरेच दिवस मागच्या वाटेने, सांडपाण्याच्या चिखलातून जायचा. कधी पुढच्या रस्त्याने गेलाच की बायका विचारायच्या, "काय भाऊ, झोप झाली?" आणि तो अगदी गंभीरपणे म्हणायचा, "झाली, झाली."